टाकोमसाल्याची मोहीम आणि खलातली कच

"पलीकडच्या बायकांना जिऱ्याचा हात नसतो," ऐसा एक आवाज सान अंतोनियो शहराचे पश्चिम मोहल्ल्यात, दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एलोदिया कान्तू यांचे मुदपाकखान्यात, फार वर्षांमागे उमटला. ते समयी त्यांची सून नोएमी, सरहद्दीचे नदीपलीकडील सान लुइस पोतोसी मुलुखातून लग्न करोन नुकतीच उंबरठ्याआत आली होती, आणि तिचे पेटीचे कुलूपही उघडले नव्हते. आवाज दोन्यांचाच, पण मोठा नव्हता. भांडी विसळता विसळता, पाठमोरे राहोन, पाण्याचे धारेत सोडून दिलेला. परंतु तळपायात काटा मोडावा आणि वरोन कातडी धरावी, मग चालता येते पण थंडीत ठणकते, तैसा तो बोल नोएमीचे ठायी राहिला. त्या बोलाचे पोटी पुढे जी मोहीम उद्भवली तिचे वर्तमान येथे यथास्थित लिहिले आहे. ज्यांस टाको हे क्षुल्लक खाद्य वाटते त्यांनी येथूनच माघारी फिरावे. पुढे रस्ता तिखट आहे.

तरी राज्याची स्थिती ऐसी होती की, संत रोसालियाचे देवालयाची जत्रा दरसाल शरदात भरे, आणि दरवाजालगतचे पहिले ठाणे पिढीजात दोन्यांचे टाकोचे. कुरकुरीत तळलेली मक्याची दुमडलेली पोळी, तीत मसाल्याचा खिमा, वर लेट्यूसचा पाला, टोमॅटो, आणि पिवळ्या चीजची खैरात. खिमा सर्वत्र सारखाच, कीर्ति ती मसाल्याची. चुलीवरील फळीवर, कुमारी मातेचे मेणबत्तीशेजारी, मोल्काहेते म्हणोन तीन पायांचा काळ्या दगडाचा खल विराजमान असे. दोन्या जत्रेचे आदले दिवशी दार लोटून घेत, आणि मग त्या खलात मसाला सिद्ध होई, ऐसी सर्व मोहल्ल्यात ख्याती. आत कोणासही परवानगी नव्हती. नोएमीकडे पाला चिरण्याची जहागीर होती, आणि ती तिजकडे लग्नापासून अव्याहत चालू होती. तिने चुलीकडे पाऊल टाकिले की दोन्या म्हणत, "मुली, पाला बघ, काळा पडेल," आणि पाला, जो कधी काळा पडत नसे, तो बघावा लागे.

परराज्य म्हणाल तर ओर्तेन्सियाबाईंचे. त्यांचे भरल्या जाड भाकऱ्यांचे ठाणे मैदानाचे अखेरीस, वीज करणाऱ्या यंत्राचे धुरात. त्यांची नजर दरवाजाकडे लागलेली असे, आणि जत्रेचे पंचमंडळीत कुजबुज चालली होती की, यंदा टाको फसले तर जागेची अदलाबदल करावी.

ऐशा नाजूक समयी, जत्रा आठवड्यावर आली असता, दोन्यांनी भर जेवणात फर्मान काढिले.

"रोखे, माझं मनगट गेलं. यंदा मसाला तुझी बायको करील."

रोखेलियो हा दोन्यांचा पुत्र आणि नोएमीचा भ्रतार, उभयपक्षी वकिलात करणारा, म्हणजे कोणाचेच न बोलणारा. तोही घास विसरला. "आई, काल तर तू अंगणातली लोखंडी खुर्ची उचलून मांजरावर फेकलीस."

"त्यानेच गेलं."

नोएमीने हात पुसले आणि विचारिले, "दोन्या, प्रमाण काय घेऊ?"

"प्रमाण हातात असतं. असलं तर असतं, नसलं तर नसतं."

इतकी रसद देऊन दोन्या उठल्या. नोएमीस मजकूर उमगला. फत्ते जाहली तर चुलीशी जागा. शिकस्त खाल्ली तर मरेपर्यंत पाला, आणि देवालयाचे दारातील ठाणे गमावल्याचा बट्टा पलीकडचे मुलुखावर. रात्री रोखेलियोने दिलासा दिला की, "इतकं काय मनावर घेतेस, मसालाच तर आहे." तिने कूस बदलिली. मसालाच तर आहे हे म्हणणारे चुलीपासून बहुत दूर बसलेले असतात.

मग दुसरे दिवशी फडताळाची झाडाझडती जाहली. त्या घरात कोणतीही वस्तू आपले डब्यात नांदत नसे: कॉफीचे डब्यात तांबडी मिरची, बाळअन्नाचे बाटलीत ओवा वाटावा ऐसा रानओरेगानो, लोण्याचे डबीत जिरे, फक्त लसणाची भुकटी लसणाचे बाटलीत होती, आणि तिचेच झाकण अडकले होते. या अवघ्या सरदारांस नोएमीने ओट्यावर हारीने उभे केले आणि हुंगून एकेकाची परीक्षा घेतली.

पहिली चाल तिने आपले माहेरचे रीतीने केली. सुक्या रुंद मिरच्या तव्यावर भाजिल्या, घरभर ऐसा सुगंध दरवळला की शेजारील म्हातारी भिंतीशी येऊन उभी राहिली, आणि जिरे मात्र चिमूटभर, कारण पलीकडे जिरे हे पाहुण्यासारखे, आले तरी फार वेळ बसत नाही. कॉफीचे विजेचे यंत्रात सर्व दळोन खिम्यास लाविले. दरबार बसला: दोन्या, रोखेलियो, आणि श्वशुर दोन फिदेंसियो (येथे 'दोन' हा आकडा नव्हे, बायकांस 'दोन्या' तैसा पुरुषांचा मान), जे नवी कवळी लावून आले होते आणि जे वाढाल ते स्तवून खात.

"बरं आहे," दोन्या म्हणाल्या. "काहीतरी कमी आहे."

"काय कमी आहे?"

"ते कळायला वर्षं लागतात, मुली."

रोखेलियोने निकाल दिला, "छान आहे. म्हणजे, लग्नातलं वाटतंय. टाकोत आलंय खरं, पण कुणाच्या तरी लग्नाला निघालंय." आणि दोहोंकडून डोळे वटारले गेले तेव्हा पाणी प्यायला उठोन गेला.

दुसरी चाल सूडाची होती. नोएमीने जिऱ्याची डबी उपडी केली. जिऱ्याचा हात पाहिजे काय, घ्या. ऐसे जिरे पडिले की पडद्यांत मुरले, आणि रोखेलियोचे कामावरचे सदऱ्यास तो वास दोन दिवस राहिला, तेव्हा तेथील गडी त्यास 'टाको' म्हणो लागले. वर खिम्यास पाणी सुटले, दोन फिदेंसियोंनी टाको उचलिला तो तळ भिजोन गळाला आणि अवघा सरंजाम त्यांचे छातीवर आला.

"काहीतरी कमी आहे," दोन्या म्हणाल्या.

"शर्ट कमी आहे," दोन फिदेंसियो म्हणाले. "पण चव चांगली आहे हो, पोरी."

येथे नोएमीने मसलत केली. मनाशी म्हणाली, सरदार तेच, मीठ तेच, तर उणे कोठे? उणे दळण्यात. यंत्र चिरते, दगड चुरतो. चुरलेले जिरे तेल सोडते, चिरलेले रुसते. ज्या खलात इतकी वर्षे मसाला वाटला त्याचे अंगातच तो मुरला असणार. ऐसा निश्चय करोन ती स्टुलावर चढली आणि मेणबत्तीशेजारचा काळा खल तिने उचलिला.

तोच ज्या मनगटाचा घात जाहला होता ते मनगट विजेसारखे पुढे आले.

"तो नको."

"का दोन्या? तुमचा हात ज्यात मुरलाय, तोच तर हवा."

 रोखेलियो दारातून बोलिला, "घेऊ दे ना आई, दगडाला काय होतंय," आणि आयुष्यात प्रथमच बायकोची बाजू घेतली ती ऐशा ठिकाणी. दोन्यांचे मनगट खाली आले.

तिसरे खेपेस मसाला खलातून निघाला, खिमा शिजला, दरबार बसला. दोन फिदेंसियोंनी पहिला घास घेतला आणि सर्वांनी तो ऐकिला. कच्च. मग रोखेलियोचा घास: कच्च. मग नोएमीचा. दोन्यांनी घास तोंडात धरिला तो चावेनात.

आता हे कळले पाहिजे की, त्या मुलुखात चालते मूलही जाणते: नवा खल कच सोडतो. म्हणोन प्रथम त्यात कोरडे तांदूळ वाटायचे, काळे पीठ फेकायचे, पुन्हा वाटायचे, पीठ पांढरे येईतो; मगच त्यात मिरची पडावी. आणि जो खल एक पिढी चालला त्याचा गाभा नदीतले गोट्यासारखा गुळगुळीत होतो, त्यातोन खडा शोधोनही मिळत नाही. मेजाभोवती चौघे होते, चौघांचे दातांत दगड होता, आणि चौघांस त्याचा अर्थ एकाच वेळी कळला.  दोन फिदेंसियो हळूच उठले आणि म्हणाले, "बाहेर वारं सुटलंय, धूळ येते घरात," आणि जाऊन खिडकी लाविली. खिडकी लागलेलीच होती. त्यांनी ती उघडोन पुन्हा लाविली.

वृत्तांत खरा ऐसा की, तो खल दुकानातोन फळीवर आला आणि फळीवरच राहिला. दरसाल लोटलेल्या दारामागे दोन्या तयार मसाल्याची कागदी पाकिटे फोडीत. ती शहराचे दुसऱ्या टोकाकडील दुकानातोन आणीत, जेथे त्यांस कोणी ओळखत नसे, आणि काळा चष्मा लावोन जात, पावसातही. पाकिटावर आत काय काय आहे ते बारीक अक्षरांत छापिलेले असे, ते त्यांनी कधी वाचिले नाही. राजे खजिना वापरितात, मोजीत नाहीत. यंदा ती पाकिटे करणारा कारखाना बुडाला. दुकानदाराने खांदे उडविले, आणि तेच दिवशी मनगट गेले. सारांश, काय कमी आहे ते दोन्या सांगत नव्हत्या ऐसे नव्हे. त्यांस ठाऊकच नव्हते. पुष्कळ गाद्या 'काहीतरी कमी आहे' या एकाच वाक्यावर चालतात.

नोएमीचे हाती आता तरवार आली होती. मोहल्ल्यात एक शब्द टाकावा, ओर्तेन्सियाबाईंचे कानी पोहोचावा, आणि तळपायातील काटा कायमचा निघावा. ती तरवार तिने रात्रभर उशाशी ठेविली. सकाळी उठली, खल घेतला, तांदळाची पिशवी घेतली, आणि अंगणात अक्रोडासारख्या पेकानचे झाडाखाली बसोन वाटू लागली. पहिले पीठ कोळशासारखे निघाले. फेकिले. दुसरे राखेसारखे. हात चालो लागला म्हणजे बाईचे तोंडी काही ना काही येतेच, मग ती कोणत्याही मुलुखाची असो. नोएमी जे गुणगुणली त्याचा भाव आपले बोलीत ऐसा:

काळ्या गं खलामध्ये, धवळे तांदूळ वाटिते
कोणाचे गं मनातले, काळे पीठ हे निघते

जाळीचे दारामागे दोन्या उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या.

"तांदूळ वाया जातोय."

"वाया नाही. खल तयार होतोय."

 झाडावरोन एक पेकान पडला तो त्यांनी उचलिला आणि नुसता हातात फिरविला.

"पांढरा आला का?"

"अजून नाही."

"तू फार वरवर वाटतेस. बुडाशी दाब दे."

"द्या बरं दाखवून," नोएमी म्हणाली, आणि बत्ता पुढे केला.

दोन्यांनी बत्ता घेतला, आणि गेलेले मनगट वैद्यावाचून परत आले. खल मांडीशी धरोन त्या ऐशा जोराने फिरवो लागल्या की नोएमीस मागे सरावे लागले. आणि त्यांचे नाकाचे शेंड्यावर घाम आला तो त्यांनी पुसिला नाही. दोघींनी आलटोन पालटोन वाटिले. सूर्य भिंतीवर गेला तेव्हा पीठ पांढरे आले. शेवटास रीतीप्रमाणे त्यात लसूण आणि मीठ ठेचिले, आणि तेथे नोएमीने पाहिले की, खलात राहिलेले तांदळाचे पीठ लसणाचे पाणी पिऊन घेते आणि अवघे दगडास चिकटोन बसते. तशीच ती उठली. खिम्यास पाणी सुटत होते, पोळी गळत होती, मसाला मांसास न धरिता तळाशी जात होता. त्यास धरोन ठेवणारा कोणी पाहिजे, तर घरात मक्याचे पीठ कमी आहे काय!

मग चौथी चाल. भाजली मिरची, पण माफक. जिरे गरम करोन, पलीकडचेपेक्षा जास्त आणि अलीकडचेपेक्षा कमी. ओरेगानो तळहातावर चुरून. लसूण, कांद्याची भुकटी, मिरे, मीठ. आणि सर्वांचे पाठीशी चमचाभर मक्याचे पीठ. खिमा ओला राहिला आणि सुटला नाही. दोन फिदेंसियोंनी पहिला टाको खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्यास हात घातला. दोन्यांनी चाखिले. सर्व वाट पाहत राहिले की आता काय कमी आहे. त्या म्हणाल्या, "मीठ बेताचं ठेव, उद्या चीज पडणार आहे वर," आणि आत निघोन गेल्या.

रविवारी जत्रा भरली. आणि येथे लिहिण्यास लाज वाटते ती गोष्ट जाहली. ठाण्यात शिरताच दोन्यांनी चुलीचा ताबा घेतला आणि मागे न पाहता म्हणाल्या, "मुली, पाला बघ." मुखातील सवय ही राज्यापेक्षा जुनी असते. नोएमी एक क्षण उभी राहिली. मग मागील फळीशी गेली, सुरी घेतली आणि पाला चिरो लागली. रोखेलियोने पाहिले, तोंड उघडिले, आणि चीज किसो लागला.

मग लोक आले. रांग दरवाजाबाहेर रस्त्यास लागली. पोळी गळेना, मसाला सुटेना, म्हातारे दोनदोनदा येत. "दोन्या, यंदा कमाल आहे." दोन्यांनी मान हलविली. "दोन्या, तुमच्या हाताला मरण नाही." दोन्यांनी मान हलविली, पण अर्धीच. जैसजैशी स्तुति वाढली तैसतैशी त्यांची मान ताठ होत गेली, जणू कोणी मागोन बघते आहे. मागोन कोणी बघत नव्हते. फक्त सुरीचा आवाज येत होता, एकसारखा.

येणेप्रमाणे मोहिमेचे फळ नमूद केले जाते. संत रोसालियाचे दरवाजालगतचे ठाणे कायम राहिले. खिम्याचे पातेले दुपारचे प्रार्थनेअगोदर रिते जाहले, आणि तळाशी लागलेले खरवडोन घेण्याकरिता दोघा सभ्य गृहस्थांत बाचाबाची जाहली. जिरे, मिरची आणि मक्याचे पीठ हे तिघे सरदार एका खलात नांदले. जागेची अदलाबदल मागणारे पंच बोटे चाटताना आढळले, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढिला नाही. फत्ते जाहली, ऐसे लिहोन शिक्का उठवावा, तोच खुद्द ओर्तेन्सियाबाई कागदी बशी घेऊन खिडकीशी येऊन ठाकल्या.

त्यांनी उभ्यानेच घास घेतला. सावकाश चाविला. मग बशी फळीवर ठेविली.

"एलोदिया, मी तुझं कधी चांगलं म्हटलं नाही, तर आज म्हणते. हा आजवरच्या सगळ्यांत बरा आहे. कृती सांग. वर जाताना बरोबर नेणार आहेस का?"

मागे रांग हसली. दोन्यांनी पळी खाली ठेविली, पदरासारखे गळ्यात बांधलेले एप्रन सोडिले, पुन्हा बांधिले. मग अवघ्या रांगेस ऐकू जाईल ऐशा आवाजात म्हणाल्या,

"मला येत नाही गं. कधीच येत नव्हती. इतकी वर्षं पाकिटातला घालत होते मी. हा माझ्या सुनेनं केलाय. नोएमी, ठेव ती सुरी आणि इकडे चुलीशी ये, ही काय विचारतेय बघ."