सेतूअण्णांची मुकी पेट्टी

सेतूअण्णांच्या घरी गेलं की आधी चपला काढायच्या, मग मनगटावरचं घड्याळ काढायचं, मग खिशातल्या किल्ल्या दाराजवळच्या पितळी वाटीत ठेवायच्या. देवघरात जायचं नसतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक काळा कॉम्प्युटर आहे, अण्णांच्या भाषेत पेट्टी, तिच्या दर्शनाला जायचं असतं. एवढं झालं की अण्णा छताचा पंखा बंद करतात. तंजावूरचा मे महिना आहे, पाहुण्याचा शर्ट अंगाला चिकटलाय, याचं त्यांना काही नाही. मग ते गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या कानांत अडकवतात, दुसरं टोक पेट्टीच्या पाठीवर टेकवतात आणि म्हणतात, "श्वास धर. कान दे डा. सत्तम येतो कां?"

सत्तम म्हणजे आवाज, आणि डा म्हणजे नुसतं 'रे'. शब्द तमिळ आहेत, पण आम्हां तंजावूरच्या मराठी लोकांच्या घरांत ते कित्येक पिढ्या बिनभाड्याने राहतायत.

"नाही येत, अण्णा."

"तुझे कान बिघडलेत."

हा निकाल ठरलेला. गेल्या दोन वर्षांत आमच्या गल्लीतले बहुतेक कान या कोर्टात बिघडलेले ठरले आहेत.

सेतूमाधवराव वीज खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी सबस्टेशनात गेली. दुपारचा डबा ते ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीला पाठ लावून खात आणि त्याच गुणगुणीत डोळे मिटून घेत. अशा माणसाला म्हातारपणी एका पेट्टीचा आवाज सोसेना, हे ऐकून त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना हसू आवरत नाही.

या सगळ्याचं मूळ सिनेमात आहे. अण्णांच्या पुण्याच्या चुलतभावाने त्यांना मराठी सिनेमांनी गच्च भरलेली हार्ड डिस्क दिली. आता आमची मराठी आणि सिनेमातली मराठी बहिणीच, पण एकीचं लग्न फार पूर्वी तंजावूरला झालंय आणि ती माहेरी गेलेलीच नाही. त्यामुळे दर रविवारी दुपारी तीन वाजता खेळ सुरू झाला, पडद्यावर कोणी भरभर दोन वाक्यं बोललं, की अण्णांची बायको, कमलावैनी, विचारणार, "काय म्हटला तो?" अण्णा की-बोर्डावरची लांब पट्टी दाबणार. चित्र थांबणार. मग अण्णा त्याचं आमच्या मराठीत भाषांतर करणार, पदरचा मसाला घालून. नायिका म्हणाली, "मला थोडे दिवस एकटं राहायचंय." अण्णांनी सांगितलं, "ती म्हणते, सासू कुंभकोणमला गेल्याविना मी घरांत पाऊल ठेवत नाहीं." वैनी म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं."

दोन तासांचा सिनेमा अशा रीतीने पाच तास चाले. एकदा एक म्हातारा पडद्यावर पाऊण तास मरत होता, कारण मरताना त्याला बरंच काही सांगायचं होतं. माझी बायको कोल्हापूरची. ती एकदा खेळाला बसली आणि म्हणाली, "असं काही नाही म्हणाला तो." तिला परत बोलावणं आलं नाही.

अण्णांची पहिली पेट्टी एका दुकानदाराने जोडून दिली होती. तिला चार पंखे आणि चारही पंख्यांत लाल-निळे दिवे. चालू केली की देवळाची वरात निघाल्यासारखी दिसे आणि भाताच्या गिरणीसारखी ऐकू येई. वैनींनी पाच-सहा महिने काढले. एके दिवशी मध्यंतरालाच उठल्या. "तुमच्या पेट्टीच्या सत्तमांत कांहीं कळत नाहीं. मी आंत डाळ निवडतें."

त्या आत गेल्या त्या गेल्याच. पुढच्या रविवारी अण्णा एकटेच बसले. नायक बोलला, कोणी काही विचारलं नाही, चित्र थांबलं नाही. दोन तासांचा सिनेमा दोन तासांत संपला. अण्णा ओसरीवर येऊन मला म्हणाले, "पांचांस संपला डा. आतां जेवणापर्यंत करूं काय मी?" आणि त्यांनी जाहीर केलं की पेट्टी गप्प करणार, आणि ती परत येऊन बसणार. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून या कामी माझी पंच म्हणून नेमणूक झाली. माझं मत कोणी विचारलं नाही.

पहिला प्रयोग नारळाच्या काथ्याचा. आमच्या मुलखात काथ्याला तोटा नाही. अण्णांनी पापनाशमहून पोतंभर आणला आणि पेट्टीत ठासून भरला. वीस मिनिटांत घरात होमाचा वास सुटला. पेट्टी गप्प झाली, पण कायमची.

दुसऱ्या पेट्टीसाठी अण्णांनी लाकडी खोकं करून घ्यायचं ठरवलं. लाकडाचं काम म्हटल्यावर ते गेले वीणा बनवणाऱ्या आचारींकडे; आचारी म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकी नव्हे, सुतार. म्हणाले, "तंजावुरांत त्यांच्यासारखा हात कोणाचा नाहीं." खरं होतं. आचारींनी जुन्या फणसाचं लाकूड निवडलं, आतून कोरून पातळ केलं, वर हस्तिदंती रंगाची नक्षी काढली. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या लाकडाला गायला शिकवलं, त्यांना अण्णांनी मुकं लाकूड मागितलं होतं. त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. पेट्टी चालू केली आणि आतल्या डिस्कची बारीक घरघर खोक्यात घुमून भरदार सूर होऊन बाहेर आली. समोरच्या घरातल्या गाण्याच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "राव, श्रुती छान लागलीय. रोज सकाळी लावत जा." दोन महिने त्यांच्या शिष्या त्या पेट्टीवर सूर मिळवून गात होत्या. अण्णा दात खात होते.

मग अण्णा अभ्यासाला बसले. चष्मा नाकावर, स्क्रू-ड्रायव्हर कानावर. शेवटी त्यांनी जी तिसरी पेट्टी जोडली, ती खरोखर कौतुकाची. प्रोसेसरवर पंखाच नाही. तांब्याच्या नळ्या उष्णता उचलून बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना देतात, पट्ट्या ती हवेत सोडतात. वीजपुरवठ्याचा भागही बिनपंख्याचा. फिरणारी डिस्क काढून चिपवाली बसवलेली. मोठ्या देवळातला दगडी नंदी हिच्यापुढे बडबड्या वाटावा. मी स्टेथोस्कोप लावला तर मला माझीच नाडी ऐकू आली.

"सत्तम आहे," अण्णा म्हणाले.

माझी सहनशक्ती संपली. "अण्णा, आवाज यायला काहीतरी हलावं लागतं. हिच्यात काही हलतच नाही. कशाचा येणार आवाज? माझी पदवी परत करू का?"

"हळू बोल."

"का हळू? वैनींनाच सांगतो." आणि मी स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड केलं.

वैनी आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या होत्या, मुरुक्कूचं, म्हणजे चकलीचं, पीठ चाळत. त्यांच्यापासून हातभर अंतरावर कुकरने शिट्टी दिली. मी दचकलो. वैनी चाळत राहिल्या. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. चाळणीचा हात एकदाही थबकला नाही.

अण्णा उठले. आत गेले, गॅस बंद केला, वैनींच्या समोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने, शब्द मोकळे करून म्हणाले, "या पेट्टीच्या सत्तमांत कुकरसुद्धां ऐकूं येत नाहीं बघ!"

"नाहींच येत," वैनी म्हणाल्या. "काय मेली पेट्टी ती."

मी पितळी वाटीतल्या किल्ल्या उचलल्या आणि गुपचूप ओसरीवर जाऊन बसलो. अण्णा मागोमाग आले.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पहिली पेट्टी होती तेव्हांपासून. ती विचारायची कमी झाली. मी मूर्ख, मला वाटलं पुण्याची मराठी शिकली." ते स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत राहिले. "तिच्या आईला सगळी गल्ली बहिरी म्हणून हाक मारत होती. नांवानं कोणी बोलवलं नाहीं शेवटपर्यंत. हिला कानाच्या डॉक्टरचं नांव काढलं तर दोन दिवस जेवली नाहीं. म्हणाली, दोष पेट्टींत आहे."

"आणि तुम्ही पेट्ट्या बदलत बसलात."

"मग? पेट्टीला लाज नसते डा."

हातातल्या किल्ल्या मी परत पितळी वाटीत नेऊन ठेवल्या.

पुढे महिनाभर अण्णा काहीबाही कारणं काढून वैनींना तिरुच्चीला नेत होते. एकदा लग्न, एकदा साडी. त्यातल्या एका फेरीत डोळ्यांच्या तपासणीबरोबर कानांचीही झाली, ती "आजकाल एकाच तिकिटांत करतात" या खुलाशाखाली. मग एका रविवारी मला बोलावणं आलं. टेबलावर एक डबी होती, तिच्यात कानामागे लावायची दोन इवलीशी यंत्रं. अण्णांच्या स्वतःच्या कानांत गाणी ऐकायची बिनतारी बोंडं आधीच बसलेली होती.

"नवी पेट्टी इतकी गप्प झाली," ते वैनींना सांगत होते, "कीं आतां तिचा आवाज बाहेर येतच नाहीं. सरळ कानांत येतो. मी घातलंय बघ. हा शेवटचा पार्ट."

वैनींनी डबीतलं एक यंत्र तळहातावर घेतलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक अतिशय गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

"कंप्यूटरचंच ना हें?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"कंप्यूटरचंच."

"मग घालतें."

त्या अण्णांशेजारी बसल्या. सिनेमा सुरू झाला. एक इन्स्पेक्टर एका शेतकऱ्यावर एका दमात बरंच काही ओरडला.

"काय म्हटला तो?" वैनींनी विचारलं.

अण्णांचा हात पट्टीकडे गेला, पण पट्टी सापडेना. दोनदा त्यांनी भलतीच कळ दाबली. अखेर चित्र थांबलं. "तो म्हणतो," अण्णा म्हणाले, "तुझी बायको फार चांगली आहे म्हणून सोडतों, नाहीं तर सोडलं नसतं." इन्स्पेक्टर असलं काही म्हणाला नव्हता.

तेवढ्यात वैनींनी मान वर केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, हा पंखा एवढा कुरकुरतो? कधींपासून?"

मी सवयीने उठलो आणि बटणाकडे हात नेला.

"बस खालीं," अण्णा म्हणाले. "चालूं दे डा तो."