चकल्यांची बाल्कनी

वरपक्षाची दृष्टी पडण्यापूर्वी रुखवताला घरच्या माणसाने हात लावायचा नसतो, हा नियम कारभारीरावांना पूर्ण ठाऊक होता. म्हणूनच पहिली चकली खाऊन झाल्यावर त्यांनी आधी दार-खिडक्यांकडे पाहून घेतले.

त्यांच्या पत्नी सविताबाई यांनी लेकीच्या, योगिनीच्या लग्नासाठी रुखवतात फराळाचे चित्रपटगृह उभारले होते. योगिनीची आणि तिच्या नियोजित वराची ओळख सिनेमाच्या तिकीट-खिडकीपाशी झाली होती, त्या शुभयोगाचे हे स्मरण. भिंती शंकरपाळ्यांच्या, खांब कडबोळ्यांचे, पडदा तांदळाच्या पापडाचा, प्रेक्षक म्हणून बसवलेले बेसनाचे लाडू आणि बाल्कनीला तांबूस चकल्यांचा कठडा. पूर्वी लोक चित्रपट पाहून येत आणि मग फराळाला बसत. आता फराळाचाच चित्रपट झाला होता आणि तो तळहातावर पाहिला जात होता. बाईंनी टाकलेले रील नाशिक रोडपासून इगतपुरीपर्यंत पोहोचले होते.

इगतपुरीपर्यंत पोहोचले, हेच भयाचे कारण. तिथे विहीणबाई झुंबरबाई राहत. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात "हे रुखवत इकतचं हाय" असे त्यांनी भर मांडवात जाहीर केले होते, आणि नवरीची आई जेवणाच्या पानावरून उठून गेली होती. सविताबाई त्या दिवसापासून धसका घेऊन होत्या. एकही जिन्नस त्यांनी दुसऱ्याच्या हातून तळून घेतला नव्हता.

त्या दुपारी बाईंनी मोबाइलवरून दोन्हीकडच्या साऱ्या नातलगांना रुखवताचे थेट दर्शन घडवले. तेवढ्यात रिक्षा आली. मोबाइल तिवईवर तसाच ठेवून मायलेकी मेंदीच्या कार्यक्रमाला धावल्या. घरात कारभारीराव, चित्रपटगृह आणि तळणीचा सुगंध एवढेच उरले.

चकली गेली आणि कठड्याला खिंडार पडले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारभारीरावांनी आयुष्यभर यंत्रांचे तोल सांभाळले होते. डावीकडे उणे पडले म्हणून त्यांनी उजवीकडची एक काढली. ती जरा मोठी होती, म्हणून डावीकडची आणखी एक. काढलेला पुरावा ठेवायचा कुठे? तो प्रत्येक वेळी पोटात गेला. तोल साधला तेव्हा कठडाच उरला नव्हता.

ते कोपऱ्यावरच्या दुकानात धावले.

"चकल्या द्या. तांबूस हव्यात."

"काका, अशाच येतात. खायच्यात ना?"

"खायच्या असत्या तर एवढा घाम फुटला असता का?"

त्या फिकट चकल्यांना त्यांनी तेलात कालवलेले लाल तिखट चोळले आणि साखरेच्या पाकाने कठडा पुन्हा उभा केला. लांबून पाहता तो अगदी मूळचा भासला. एवढ्यात दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झुंबरबाईंचा संदेश उमटला : "बाल्कनी लय आवडली. उद्या जवळून बघीन." खाली कोणा पाहुण्याने लिहिले होते, "हाउसफुल्ल!"

कारभारीरावांनी कठड्यावर तिखटाचा आणखी एक हात फिरवला.

मायलेकी परतल्या. सविताबाईंनी तिवईवरचा मोबाइल उचलला आणि पतीपुढे नुसता चहा ठेवला.

"खायला काही नको ना तुम्हाला?"

"का? नको का?"

"सहज विचारलं."

योगिनी मेंदीचे हात तोंडापुढे धरून आत पळाली. लेक आतापासूनच रडते, असे समजून कारभारीरावांना गहिवरून आले.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात झुंबरबाई रुखवतापुढे उभ्या राहिल्या. भिंती पाहिल्या, पडदा पाहिला, आणि त्यांचा हात नेमका कठड्याकडे गेला. त्यांनी चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला मात्र, असा ठसका लागला की तांब्याभर पाणी संपले.

"ही दुकानची हाय!"

सविताबाईंनी मान खाली घातली. ते पाहून कारभारीरावांच्याने राहवेना. ते हात जोडून पुढे झाले.

"विहीणबाई, तिचा काही दोष नाही. तिच्या हातच्या चकल्या मी खाल्ल्या. या मी आणून लावल्या."

"ते ठावं हाय, व्याहीबुवा. आमची आख्खी गल्ली बघत व्हती."

"कुठून?"

"मोबाइलातून! लाइव्ह बंद कुठं केलं व्हतं? तिखट चोळताना तर आमच्याकडं लोकांनी शिट्ट्या मारल्या." झुंबरबाईंनी डोळे पुसले. "खरं सांगू? रील बघून मला वाटलं, हे बी इकतचंच. पन तुम्ही पयली चकली मोडली अन् डोळे मिटले. इकतची खाताना कुनी डोळे मिटत नाय." त्या सविताबाईंकडे वळल्या. "ताई, हात लय गुणाचा हाय तुमचा."

सविताबाईंनी मान वर केली. खाली घातलेल्या त्या चेहऱ्यावर कालपासूनचे हसू कोंडलेले होते.

"अगं, तुला माहीत होतं? मग मला सांगायचंस ना!" कारभारीराव कुजबुजले.

"चालू सिनेमात मध्ये बोललेलं तुम्हालाच चालत नाही."

"आता बोलणं ऱ्हाऊ द्या," झुंबरबाईंनी पुढच्या रांगेतला एक लाडू उचलून व्याह्यांच्या हातावर ठेवला. "दुसरा खेळ सुरू करा."

कारभारीरावांनी सभोवार पाहिले. मांडवातला प्रत्येक मोबाइल त्यांच्यावर रोखलेला होता. त्यांनी लाडू तोंडाशी नेला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. या खेपेला चवीने नव्हे, भीतीने.