मध्यम श्रेणीची पाती

नाशिकला हिवाळा असतो, ही गोष्ट कागदोपत्री सिद्ध झाल्यामुळे इथे जिल्हा हिवाळी क्रीडा प्रोत्साहन कक्ष स्थापन झाला. निफाडकडे एका वर्षी पारा बराच खाली गेला होता आणि द्राक्षबागांतून शेकोट्या पेटल्या होत्या. त्या बातमीचं कात्रण प्रस्तावाला जोडलेलं होतं. जिल्ह्यात बर्फ पडतो का, असा रकाना प्रस्तावाच्या नमुन्यात नव्हता. त्र्यंबक नाक्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, फलक लागला, पंखे बसले आणि वाल्मीक खैरनार यांची तिथे वरिष्ठ लिपिक म्हणून बदली झाली.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत खैरनारांवर एकही ठपका नव्हता. ते कामसू होते, वेळेवर येत, कुणाकडून चहासुद्धा घेत नसत. फक्त स्वतःचं मत त्यांनी कुठल्याच फाइलीत कधी लिहिलं नव्हतं. कक्ष सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी एकही अर्ज आला नव्हता, आणि रिकामं बसणं त्यांच्या मनाला लागत असे. त्यामुळे २००३ सालच्या ऑगस्टमध्ये एकलहऱ्याचे दीपक सांगळे मुलीला घेऊन जिना चढून आले, तेव्हा खैरनारांनी स्वतः उठून पंखा लावला.

सांगळे वीज केंद्रात फिटर होते. त्यांची तृप्ती चौदा वर्षांची. वसाहतीतल्या सरळ रस्त्यावर ती चाकांचे स्केट्स शिकली, मग हिमाचलातल्या शिबिरात सलग दोन हिवाळे जाऊन बर्फावर शिकली. दुसऱ्या हिवाळ्यात ती मध्यम श्रेणीची परीक्षा पास झाली. अडचण पायाखाली होती. तिच्या बुटांना अजून नवशिक्यांचीच पाती होती. त्या पात्यांचं टोक बारीक दातांचं असतं. चालायला ते सोयीचं, उडी मारताना मात्र बर्फात रुतत नाही.

"साहेब, पोरगी पुढं गेली आन् ब्लेड मागं राह्यलं," सांगळे म्हणाले. "जानेवारीत स्पर्धा हाय. तेवढं बघा."

सोबत शिबिरातल्या प्रशिक्षकांचं पत्र होतं. पात्याचा बाक किती असावा, टोकाचे दात किती मोठे असावेत, लांबी बुटाच्या तळव्यापेक्षा किती कमी हवी, सगळं त्यात लिहिलं होतं. खैरनारांनी ते दोनदा वाचलं. कक्षाची पहिली फाइल म्हणून त्यांनी तिच्या कव्हरवर वळणदार अक्षरात नाव घातलं. आपल्या हातून एका मुलीचं भलं होणार, या विचाराने त्या दिवशी घरी जाताना ते शालिमारच्या थांब्यावर उतरून पेढे घेऊन गेले.

कक्षप्रमुख ललित बोरस्ते यांनी फाइल पाहिली आणि पहिलीच शंका मूलभूत काढली. योजना फक्त मध्यम श्रेणीच्या खेळाडूंसाठी होती. नवशिक्यांवर खर्च करणं घाईचं आणि निष्णातांवर करणं अनावश्यक, असं धोरण होतं. मुलगी मध्यम आहे हे प्रमाणपत्र हिमाचलातलं होतं आणि परराज्यातल्या प्रमाणपत्राची जिल्ह्यात प्रत्यक्ष पडताळणी करणं बंधनकारक होतं. ही पडताळणी अर्थातच बर्फावर व्हायला हवी होती.

बर्फ पंचवटीत पुंजारामशेठच्या कारखान्यात होता. पितृपंधरवडा संपल्यावर एका सकाळी समिती तिथे पोचली. समितीत बोरस्ते होते, खैरनार होते आणि तज्ज्ञ म्हणून एका तालमीचे निवृत्त वस्ताद होते, कारण पडण्याविषयी जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पुंजारामशेठने भुसा पसरून त्यावर चोवीस लाद्या ओळीने मांडून दिल्या. तृप्ती बूट घालून उभी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी सरकत गेली, की लाद्यांमधल्या फटीसुद्धा वाजल्या नाहीत. शेवटच्या लादीवर ती एका पायावर वळली आणि थांबली. कामगारांनी हातातले लाद्या ओढायचे आकडे खाली ठेवले.

वस्तादांनी थोडा वेळ विचार केला. नवशिका पडतो, निष्णात पडत नाही, ही पडली नाही, तेव्हा ही निष्णात आहे, असं त्यांनी मत दिलं. बोरस्त्यांना ते तर्काला धरून वाटलं. निष्णात असेल तर अर्ज बाद करावा लागेल, असं त्यांनी खेदाने सांगितलं. सांगळ्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ती पडते साहेब, घरी विचारा, पुष्कळदा पडते. पण घरी पडल्याची नोंद ग्राह्य नव्हती.

मग तृप्तीच बोलली. "मध्यमला किती वेळा पडायचं असतं, सर?"

समिती बाजूला झाली. एकदा पडणं हा अपघात ठरू शकतो, तीनदा पडली तर नवशिकी. दोन ही संख्या सर्वांना योग्य वाटली. मुलगी परत सुरुवातीला गेली आणि दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडण्याआधी तिने खैरनारांकडे पाहिलं. ते पहिल्या पडण्याची नोंद करत होते. त्यांची ओळ पूर्ण होईपर्यंत ती एका पायावर थांबली आणि मग पडली. तिचं कोपर खरचटलं. पुंजारामशेठने बर्फाचा तुकडा फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला.

"पोरगी लय चांगली चालली व्हती," तो समितीला म्हणाला. "तुमीच पाडली तिला."

हे वाक्य पंचनाम्यात घ्यावं का, असं खैरनारांना क्षणभर वाटलं. पण पुंजारामशेठ समितीचा सदस्य नव्हता.

दिवाळीपर्यंत फाइल मुंबईला जाऊन आली. तिथून पृच्छा आली होती, की पात्यांना धार असते काय, आणि असल्यास ती कशासाठी. खैरनारांनी खुलासा पाठवला. दरम्यान सांगळे पुन्हा आले. या वेळी ते खुर्चीवर बसले नाहीत. एकलहऱ्यातले एक इंजिनिअर महिनाअखेरीस जर्मनीहून परत येणार होते आणि पत्रात लिहिलीत तशी पाती येताना आणायला तयार होते. तेव्हा अर्ज मागे घ्यावा म्हणतो, असं सांगळे संकोचाने म्हणाले.

खैरनारांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी दार लोटलं आणि सांगळ्यांना समजावून सांगितलं. अर्ज मागे घेतला तर 'खेळाडूने साहित्य नाकारले' अशी नोंद होते. जिल्ह्याच्या संघाची यादी याच कक्षातून जाते, आणि साहित्य नाकारणाऱ्या खेळाडूचं नाव यादीत घेता येत नाही. शिवाय अर्ज मंजूर झाल्यावर स्पर्धेत दिलेलंच साहित्य वापरावं लागतं. "थोडी कळ काढा," ते म्हणाले. "फाइल अगदी शेवटच्या टेबलावर आहे. मी स्वतः लक्ष ठेवून आहे." ते खरंच लक्ष ठेवून होते. सांगळ्यांनी इंजिनिअरला फोन करून नको म्हणून कळवलं.

डिसेंबरात पुरवठादाराकडून दोन नमुने आले: एक जोडी नवशिक्यांची, एक निष्णातांची. मध्यम श्रेणीची जोडी परदेशातून यायला सात आठवडे लागणार होते आणि स्पर्धा पाच आठवड्यांवर होती. उपलब्ध साहित्यातूनच निवड करावी, असा नियम होता. समिती पुन्हा बसली. टेबलावर चार पाती मांडली होती. निष्णातांच्या पात्याचे दात करवतीसारखे मोठे, बाक वेगळा, लांबीही किंचित जास्त. वस्तादांनी बोट फिरवून पाहिलं आणि बोट चोखलं.

नवशिक्यांची जोडी दिली तर मुलगी नवशिकी ठरत होती, निष्णातांची दिली तर निष्णात, आणि दोन्ही प्रकारांत ती योजनेबाहेर जात होती. चहा झाला. दुसरा चहा झाला. मग बोरस्त्यांनी एक पातं या जोडीतलं उचललं, एक त्या जोडीतलं उचललं आणि दोन्ही शेजारी ठेवली.

"डावं नवशिकं, उजवं निष्णात," ते म्हणाले. "सरासरी काढली तर मध्यम."

खोलीत सगळ्यांनाच हलकं वाटलं. खैरनारांनी प्रशिक्षकांचं पत्र काढून पुन्हा तपासलं. दोन्ही पाती एकसारखी असावीत, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते त्यांनी बोलून दाखवलं आणि बोलताना आपण ते का बोलतो आहोत, हे त्यांचं त्यांनाच उमगलं नाही. उरलेली दोन पाती पुढच्या मध्यम खेळाडूसाठी कपाटात कुलूपबंद झाली.

पाती पोचवायला खैरनार स्वतः एकलहऱ्याला गेले. तृप्तीची आई, उज्ज्वलाबाई, पीठ मळता मळता उठून आली. तिने हात पुसले, दोन्ही पाती उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली.

"साहेब, पोरगी एकच हाय ना आमची? दोन्ही पाय तिचेच हायेत," ती म्हणाली.

खैरनारांनी सरासरीचं सांगितलं. सांगळे फिटर माणूस. ते म्हणाले, मोठे दात कानशीने घासून जुळवता येतील. पण पाती पाच वर्षं शासनाची मालमत्ता होती, आणि त्यांवर हत्यार चालवणार नाही असं हमीपत्र आधीच घेण्यात आलेलं होतं. तृप्तीने खैरनारांना पाणी आणून दिलं.

पुढच्या आठवड्यात पाती-वाटपाचा औपचारिक कार्यक्रम झाला. नाशिकच्या मुलीला बर्फाचं बळ, असं वर्तमानपत्राने छापलं. फोटो चार रकान्यांचा होता. मधोमध तृप्ती, दोन्ही बूट छातीशी धरलेले, पाती वाचकाकडे. एक बारीक दातांचं, एक करवतीसारखं, एक आखूड, एक लांब. छपाई चांगली होती.

स्पर्धेत तृप्ती उडीसाठी आली, की उजव्या पात्याचे दात आधीच बर्फ धरायचे आणि डाव्याचे धरायचेच नाहीत. ती चार वेळा पडली. या वेळी कुणी नोंद करेपर्यंत थांबली नाही. नऊ जणींत आठवी आली. नववीला ताप होता, ती उतरलीच नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. त्या वाचून शहरात अनेकांनी मान हलवली, आपल्याकडच्या मुलांत जिद्दच नाही म्हणाले आणि पान उलटलं.

अहवाल खैरनारांनी लिहायचा होता. ते दोन दिवस बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळं नेहमीसारखं लिहिलं आणि शेवटी नोकरीतलं पहिलं स्वतःचं वाक्य लिहिलं: "खेळाडूला दिलेली दोन पाती एकमेकांशी जुळत नव्हती आणि ही गोष्ट मला दिसली होती." मग त्यांनी फाइल बोरस्त्यांपुढे ठेवली.

बोरस्ते रागावले नाहीत. त्यांनी खैरनारांना बसायला सांगितलं, ड्रॉवरमधून तो वाटपाचा फोटो काढला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"हा किती घरांत गेला असेल, खैरनार? चाळीस हजार? पन्नास? लोकांनी चहा पिताना पाहिला, पोरांना दाखवला. माझ्या सोसायटीत तर जिन्यात चिकटवला होता. पाती कशी समोर आहेत बघा." त्यांनी बोट ठेवलं. "एक पत्र आलं? एक फोन आला? मग सगळ्या नाशिकला जे दिसलं नाही, ते तुम्हाला एकट्याला दिसलं, असं वर कसं कळवायचं?"

खैरनार फोटोकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि शेवटचं वाक्य वाचता येणार नाही असं खोडलं.

त्यांनी ते खोडलं म्हणून त्यांच्यावर रागावायला हरकत नाही. फक्त तो फोटो छापलेला पेपर त्या सकाळी आपल्याही दारात पडला होता.