तुतीचा पलंग

"पाइनचं लाकूड घे. हलकं असतं," देसांका म्हणाली.

"पाइन शवपेटीला बरं. मी अजून जिवंत आहे," राडिसाव म्हणाला.

जुनी व्हॅन घ्यायची, तिच्यात झोपायची सोय करायची आणि बायकोला, देसांकाला, एकदाचा समुद्र दाखवायचा, एवढाच राडिसावचा बेत. पण पलंगाच्या चौकटीवरून घरात रणधुमाळी माजली. जावई मिलुटिनने ॲल्युमिनियमचे पाईप सुचवले.

"जावईबापू, त्यावर तुमचे मोजे वाळत घाला!" सासऱ्याने निकाल दिला आणि तळघरात जाऊन वडिलांचं रिकामं पिंप मोडलं. आमच्या शुमादिया भागात आलुबुखाराची राकिया, म्हणजे घरची कडक दारू, तुतीच्या लाकडाच्या पिंपात मुरवतात, आणि हे पिंप तर दोन पिढ्या पीतच बसलेलं.

"अरे, या फळ्या वाकड्या आहेत!" देसांका ओरडली.

"वाकड्या नाहीत, कमरेला समजून घेणाऱ्या आहेत."

"फसलं ना, तर व्हॅन विकीन आणि समुद्रावर बसने जाईन. एकटी!"

पलंग झाला मात्र देखणा, मधासारख्या रंगाचा. राडिसावने अर्धा गाव बोलावून दाखवला, उरलेला अर्धा आपणहून आला.

ऑगस्टच्या भर दुपारी सीमेवर ही रांग! व्हॅन तापली, लाकडाला घाम फुटला आणि असा घमघमाट सुटला की मागच्या गाडीतलं कुत्रं डोलायला लागलं. मी खोटं कशाला सांगू?

तपासणीवाला खिडकीशी आला. "आजोबा, किती बाटल्या?"

"एकही नाही."

"मग वास कसला?"

"पलंगाचा."

"पलंग पितो?"

"प्यायचा. आता सोडलीय त्याने."

राडिसावला नळीत फुंकायला लावलं. काही निघालं नाही. उशा उसवल्या, देसांकाच्या लोणच्याच्या बरणीत चमचा फिरवला; काही नाही. शेवटी मोठे साहेब आले. कमरेवर हात ठेवून कण्हत आत वाकले, मिशीसकट नाक फुरफुरवलं.

"जर्दाळू!"

राडिसाव लालबुंद झाला. देसांकाने कोपर मारलं. "हो म्हण बाबा, नाहीतर समुद्र राहून जाईल माझा!"

"जर्दाळू? माझ्या बापाच्या पिंपात? साहेब, आडवे व्हा. फळीला नाक लावा आणि मग बोला!"

साहेब आडवे झाले. वाकड्या फळ्यांनी त्यांना तान्ह्या बाळासारखं कुशीत घेतलं. "आलुबुखार..." ते पुटपुटले आणि घोरू लागले. हलवून पाहिलं, पाय ओढून पाहिले, पलंग सोडेना.

मागे भोंगे वाजत होते. तपासणीवाला पुढच्या गाडीकडून ओरडला, "अजून इथेच? साहेबांनी तपासलं ना?"

"तपासलं. आलुबुखार निघाला."

"मग हला की! रांग तुंबलीय!"

सरकारी माणसाचा हुकूम मोडायचा कसा? राडिसाव हलला.

साहेब उठले तेव्हा व्हॅनच्या दारासमोर नुसतं निळं पाणी पसरलेलं, आणि देसांका घागरा धरून गुडघाभर लाटांत उभी, तोंडावर हात ठेवून. राडिसावने बेड्यांसाठी हात पुढे केले. आता तुरुंगच!

साहेब खाली उतरले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले, वाकून पायाचे अंगठे धरले.

"किती वर्षं धरलेली कंबर... सुटली!" ते कुजबुजले. मग कडाडले, "या पलंगाचं लाकूड कुणी निवडलं?"

राडिसावने छाती फुगवली, तोंड उघडलं.

"मी!" देसांका पाण्यातूनच ओरडली. "याचं ऐकलं असतं, तर अर्ध्या वाटेत मोडला असता!"