टिल्लूंची फुली

"वहिनी, समीर घोरतो का? आणि घोरत असेल, तर डाव्या कुशीवर जास्त की उजव्या?"

सकाळी आठ वाजता दारात उभा राहून हा प्रश्न विचारणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर मुकुंद टिल्लू असतो. हातात पॅड, कानावर पेन्सिल, चेहरा खानेसुमारीला आल्यासारखा गंभीर. मी म्हटलं, "घोरतो. कुशी बघितली नाही कधी."

"मग आज बघा. मी उद्या येतो."

आणि आले की हो दुसऱ्या दिवशी, बरोबर आठला! मी काय करणार? डावी म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही तेव्हा जपानमध्ये, टोकियोजवळच्या इचिकावात राहायचो, सातव्या मजल्यावर. टिल्लू बरोबर आमच्या डोक्यावर, आठव्यावर. पन्नाशीचे गृहस्थ. बायको पुण्यात कॉलेजात शिकवायची, मुलगा तिथेच इंजिनिअरिंगला. हे इकडे एकटे. टोकियोत तोयोसुला एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम चालू होतं, तिथे माझा नवरा समीर प्रोग्राम लिहायचा आणि टिल्लू त्यात चुका काढायचे. जपानी लोकांना 'ल' म्हणता येत नाही, त्यामुळे ऑफिसात ते तिरूसान; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. प्रोग्राम नीट चालतोय असं कुणी म्हटलं की तिरूसानांचा चेहरा पडायचा.

त्यांचं आवडतं अक्षरवाङ्मय एका शब्दाचं होतं: "समजा". समजा लिफ्ट बंद पडली. समजा ट्रेनमध्ये झोप लागली. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला हे स्वतःचा एक केक घेऊन हजर. "तुमचा आहे हो, पण समजा पडला तर?" केक पडला नाही. पुढचे चार दिवस आम्ही डब्याला केक नेत होतो.

तर ही घोरण्याची चौकशी होती तंबूंसाठी. आणि तंबू होते मोरितासानांसाठी.

मोरितासान हे बँकेकडचे जुने साहेब. टिल्लूंनी काढलेल्या चुकांची यादी वाचून बाकीचे त्यांना मनातल्या मनात पुण्याच्या विमानात बसवायचे. मोरितासान मात्र एकेक चूक वाचायचे आणि खाली बारीक अक्षरात 'धन्यवाद' लिहायचे. रिटायर झाल्यावर ते विमान उडवत. विमान म्हणजे काय, दोन खुर्च्या, वर पिवळं कापड ताणलेले पंख आणि एक इंजिन. रेडिओसुद्धा नाही त्यात! दर ऑक्टोबरात इबाराकीला नदीकाठच्या गवताच्या धावपट्टीवर असल्या हौशी वैमानिकांचा मोठा मेळावा भरायचा. कुठून कुठून विमानं येत, आणि ज्याची त्याची माणसं आधीच येऊन तंबू ठोकून, शेगड्या पेटवून वाट बघत असत.

आदल्या वर्षी टिल्लू तो मेळावा बघायला गेले होते. मोरितासान उतरले, आपल्या पंखाखाली एकटेच बसले, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला ओनिगिरीचा भातगोळा खाल्ला आणि उडून परत गेले. बायको वारलेली. मुलगा ओसाकाला, तो येत नाही. आणि यंदा डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की डोळे आता साथ देत नाहीत, या मेळाव्यानंतर उडणं बंद.

"म्हणजे वहिनी, तो माणूस आयुष्यात शेवटचं उतरणार," टिल्लू म्हणाले. "तेव्हा त्याला खाली आपला म्हणून एक तंबू दिसायला हवा की नको?"

आता यावर नको कोण म्हणणार? समीरनं ऑफिसातल्या, मी लेकीच्या शाळेतल्या ओळखीच्या कुटुंबांना विचारलं. लहानमोठी मिळून तेवीस माणसं जमली. पुढच्या दीड महिन्यात त्यातल्या प्रत्येकाला आपण हो का म्हटलं असं वाटून गेलं असणार.

कारण टिल्लूंनी नकाशा काढला. घोरणारे सगळे नदीच्या अंगाला, लहान मुलांवाले मध्ये, पहाटे उठून पूजाबिजा करणारे पूर्वेला. प्रत्येक कामाला एक माणूस, तो नाही आला तर दुसरा, आणि दोघंही नाही आले तर राखीव. मी 'राखीव भात' होते. कचऱ्याचे पाच प्रकार, पाच पिशव्या आणि पाच पालक. तंबू उभारण्याची तालीम इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली, आणि टिल्लू स्टॉपवॉच घेऊन मध्ये उभे. समीरचा तंबू त्याच्याच अंगावर बसला. टिल्लूंना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "बघा! हे आत्ता झालं ते बरं झालं!"

मोठा प्रश्न निराळाच होता. एवढ्या तंबूंच्या गर्दीत वरून मोरितासानांना कळणार कसं, की आपली माणसं कुठली? झेंडा वाऱ्यानं गुंडाळला जातो. फुगे, समजा, फुटले तर? शेवटी टिल्लूंना सुचलं: नकाशावर करतात तशी जमिनीवर भली मोठी पांढरी फुली. फुली किती मोठी हवी, हे ठरवायला त्यांनी मला एका शनिवारी आमच्या बाल्कनीत उभं केलं, आणि स्वतः खाली मुलांच्या खेळायच्या जागेत चादरी अंथरून फुल्या करत बसले. मी वरून हात करायचा: दिसते, नाही दिसत. माझ्याच चादरी! इमारतीचे केअरटेकर आजोबा आले, जमिनीवर काय वाळत घातलंय म्हणून अदबीनं चौकशी केली, आणि पाच मिनिटांनी तेही एक टोक धरून उभे होते. टिल्लूंच्या तावडीत सापडलेल्या माणसाचं हे असंच व्हायचं. मोरितासानांना त्यांनी पत्र टाकलं, की खाली आमची खूण असेल. कसली, ते लिहिलं नाही. तेवढीच गंमत.

मेळाव्याच्या सकाळी आम्ही पोचलो. आम्हाला जागा मिळाली होती अगदी धावपट्टीच्या तोंडाशी. टिल्लू खूश. जागा आखायला संयोजकांनी ते फक्कीचं चाकाचं यंत्र ठेवलं होतं, शाळेत खो-खोचं मैदान आखतात तसलं. टिल्लूंनी ते मागून आणलं आणि पायांनी पावलं मोजत हिरव्यागार गवतावर अशी रेखीव फुली काढली की बघत राहावं. आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मोरितासान साडेदहाला येणार होते. दहापासून बाकीची विमानं यायला लागली. आली, डोक्यावरून गेली, पुन्हा आली. उतरेना एकही. तीन झाली, चार झाली, वर नुसत्या घिरट्या. तेवढ्यात धावपट्टीच्या त्या टोकाकडून सायकलवर एक टोपीवाले आजोबा जिवाच्या आकांतानं येताना दिसले. मधेच थांबायचे, दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर तिरके धरायचे, पुन्हा सायकल हाणायचे. आमच्यातल्या दोघा नवख्यांना वाटलं, ही इथली रामराम करायची पद्धत. त्यांनीही तसेच हात धरून हसतमुखानं उत्तर दिलं.

मी मात्र जपानात चार वर्षं काढलेली. हातांची फुली म्हणजे 'नाही, चालणार नाही'.

आजोबांना धाप लागली होती. त्यांनी आमच्या फुलीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की धावपट्टीपाशी काढलेल्या मोठ्या पांढऱ्या फुलीचा अर्थ जगातल्या सगळ्या वैमानिकांना एकच शिकवलेला असतो: बंद आहे, उतरू नका. बाकीच्यांना आता रेडिओवरून कळवलंय, ते उतरतील.

"आणि ज्यांच्याकडे रेडिओ नाही?" टिल्लूंनी विचारलं.

"ते खुणा बघतात," आजोबा म्हणाले. "आणि परत जातात."

दीड महिना टिल्लूंनी जगातल्या प्रत्येक संकटाचं समजा केलं होतं, आणि हे एक नेमकं राहिलं. त्यांनी वर बघितलं, आम्ही सगळ्यांनी बघितलं. पिवळे पंख आमच्या डोक्यावरून गेले, इतके खालून की हेल्मेट दिसलं. एक चक्कर घेतली. मग पंख कलले, आणि विमान शांतपणे नदीकडे परत निघालं.

टिल्लू धावले. पन्नाशीचा, पोट सुटलेला तो माणूस धावत गेला आणि त्या फुलीवर सरळ पालथा पडला! हातापायांनी फक्की पुसायला लागला. पुसतेय कसली, पसरतच चालली. मला त्यांच्याकडे बघवेना. मी ओरडले, "अहो, बघताय काय सगळे? तंबू आणा इकडे!"

मग काय विचारता. कोण घोरतो, कोण पूजा करतो, सगळा नकाशा गेला खड्ड्यात. खुंट्या उपटून, आतल्या पिशव्यांसकट तंबू उचलून आम्ही फुलीवर नेऊन टाकले. निळी ताडपत्री, सतरंज्या, कुणाची तरी शाल. तेवढं पुरेना, तर दोघी जणी पांढऱ्या रेघेवर फतकल मारून बसल्या. समीर टिल्लूंच्या शेजारीच आडवा झाला. टोपीवाले आजोबाही सायकल टाकून एका टोकावर जाऊन पसरले. मी हातात भाताचं पातेलं घेऊन पळत होते, का ते विचारू नका.

विमान नदीच्या वळणापर्यंत गेलं. आणि तिथून वळलं.

"आले! आले!" कुणीतरी ओरडलं, अगदी वरात दारात आल्यासारखं.

दोनदा गवतावर उडी मारून मोरितासान उतरले. हेल्मेट काढलं. समोर टिल्लू उभे, गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक, कमरेत काटकोनात वाकलेले. "फुली मी काढली. चूक माझी आहे. सर्वस्वी माझी." त्यांच्या मागे आम्ही तेवीसच्या तेवीस वाकलो. तालीम नसताना एकदम जमलं.

मोरितासानांनी हेल्मेट काखेत धरलं. मग म्हणाले, "फुली दिसली तेव्हा मला वाटलं, रद्द झालं. ठीक आहे म्हटलं, घरी जाऊ. जाताना एकदा मागे बघितलं तर खाली माणसं पळत होती. कशासाठी पळतायत, ते बघायला वळलो." आणि पुढे म्हणाले, "माझ्यासाठी होतं, हे उतरल्यावर कळलं."

माझे तर डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी चटकन पातेलं घेऊन शेगडीपाशी गेले.

नंतर जेवणं झाली. मोरितासानांनी मेतकूट-भात तीनदा मागून घेतला आणि प्रत्येक तंबूत जाऊन बसून आले. दुपारी मी चहा घेऊन गेले, तर ते आणि टिल्लू पिवळ्या पंखाखाली सावलीत बसले होते. टिल्लूंचं जपानी पुस्तकी, एकेक वाक्य जुळवून बोलायचे.

"मोरितासान, तुम्ही दर रविवारी उडायचात. आता रविवारी काय करणार?"

"काही नाही."

टिल्लूंनी गवताची काडी तोडली.

"मीही काही करत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी पॅड काढलं नाही, पेन्सिल काढली नाही. नुसतं विचारलं, रविवारी सकाळी साडेनऊला इचिकावा स्टेशनवर जमेल का? मोरितासान म्हणाले, जमेल. मी चहाचे कप तिथेच गवतावर ठेवले आणि मागे फिरले. तीन वर्षं हा माणूस आमच्या डोक्यावर राहत होता. आमच्या घरात कोण कसं घोरतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि रविवारी तुम्ही काय करता हो, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.