अभ्राचे दिवशी राणीसाहेबांचे हात पोळले त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायणाचे पायी मस्तक ठेवून लिहिले जाते ऐसे जे, शके पंधराशे बावन्न, प्रमोदनाम संवत्सरी, श्रावणमासी, एका मुलुखी रीत होती कीं, ढग आले म्हणजे सूर्य रजेवर गेला ऐसे समजावे, आणि मग छत्र धरणारे बहिर्जी यांनीही रजा घ्यावी आणि घरी जाऊन निजावे. त्या दिवशी आभाळ भरले, बहिर्जी निजले, आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या राणी मंजुळाबाईसाहेब नावेत बसून तळ्यावर गेल्या, आणि स्वतः वल्ही मारीत सकाळची संध्याकाळ केली, आणि बहुत खुशीत परतल्या. दुसरे दिवशी पाहतात तों नाक तांबडे, हात तांबडे, आणि बोट लावावे तर आग. मग दरबारी मसलत बसली. वैद्य गोपाळभट बोलिले, ‘हे तर पोळणे आहे.’ कारभारी धोंडोपंत बोलिले, ‘पोळेल कशाने? काल उन्हच नव्हते.’ आणि मग सगळ्यांच्या माना चिमाबाईकडे वळल्या. चिमाबाई म्हणजे राणीसाहेबांची पाठराखीण, माहेराहून संगती आलेले एवढे एकच माणूस. तिनेच तळ्यावर निघतेवेळी पाटल्या काढून दोन्ही हातांस उटणे चोळिले होते आणि मग पाटल्या पुन्हा घट्ट चढविल्या होत्या. पंत बोलिले, ‘इने उटण्यात बिब्बा कालविला. उद्यां सीमेपार करावी.’ चिमाबाई बोलली, ‘बिब्बाच घालायचा तर तुमच्या विड्यात नसता घातला, पंत?’ बोलली खरी, परंतु पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली, आणि ते राणीसाहेबांनी पाहिले.

राणीसाहेबांस वाटले, ही गेली तर एवढ्या राजवाड्यात आपणांस ‘मंजे’ म्हणणारे कोण राहील. नव्या सुनेने दरबारी बोलू नये ऐसी चाल, तरी त्या उठल्या आणि हातातली पाटली उतरविली. खाली कातडी जशीच्या तशी, आणि अलीकडे पलीकडे लाल. राणीसाहेब बोलिल्या, ‘पंत, उटणे इथेही चोळिले होते. मग बिब्ब्याने एवढ्याच जागी उपास धरला काय?’ पंत बोलिले, ‘परंतु काल कोणाची सावली पडली नाही. सावली नाही तेथे उन्ह कोठले?’ राणीसाहेब बोलिल्या, ‘फौज एका वाटेने आली तर झाडाआड लपता येते. तीच पांगून चहूंकडून उतरली तर आडोसा कोणता धराल? ढगांनी उन्हास पांगविले. काही आल्या वाटेने वर फिरले, काही ढगांतच जिरले, आणि बाकीचे गुपचूप सगळीकडून खाली आले. म्हणून सावली नाही, आणि तरी मी भाजले.’ तेव्हां म्हातारे सेनापती मिशीवरून हात फिरवून बोलिले, ‘हा तर आमचाच कावा. बाईसाहेब रास्त बोलतात.’ मग पंतांनी पागोटे सारखे केले, आणि थोडे खोकले, आणि हुकूम फिरविला.

त्याउपरी बहिर्जींस आज्ञा गेली जे, ढगातही छत्र धरावे. बहिर्जी डोळे चोळीत आले आणि बोलिले, ‘पाऊस नाही, उन्ह नाही, मग धरू कशाला?’ चिमाबाई बोलली, ‘धरा मुकाट्याने. आमची मंजी सोलून निघाली तुमच्या झोपेपायी.’ आणि भर दरबारी मंजी म्हणाली हे ध्यानी येऊन जीभ चावली, आणि राणीसाहेब हसल्या.

सारांश इतकाच कीं, अभ्राचे दिवशी उन्ह मुलूख सोडून जात नाही, पांगून येते. आणि चिमाबाईही कोठे गेली नाही. त्याच मुलुखी म्हातारी जाहली. वर्तले तैसे लिहिले असे.