मास्तरांनी फेझंटास जेवू घातले, ती हकीकत

साहेबी पुसिले की, हट्टी पाखराचे पोटी अन्न कैसे गेले. तरी पदरचे तिखटमीठ न लाविता साद्यंत वर्तमान निवेदन करितो, चित्त देऊन श्रवण करावे.

मास्तर म्हणजे शिवणकामात नामांकित, कात्रीचे धनी, घरात मात्र बाईसाहेबांचे ताबेदार. त्यांचे मेहुणे बदलीवर निघाले आणि आपला फेझंट पक्षी, तांबडे तोंड, हातभर शेपूट, मिजास नवाबाची, मास्तरांचे हवाली करोन गेले. हे पाखरू बिचकले म्हणजे सरळ वर उसळी मारिते आणि डोके फोडून घेते, ऐसे कळताच मास्तरांनी बाल्कनीस जाळीचा कोट बांधिला आणि छतास कापूस भरोन मऊ अस्तर शिविले. एका गिऱ्हाइकाचे कोटाचे अस्तर पाखराचे कोटास गेले. गिऱ्हाईक अद्याप हेलपाटे घालीत आहे. मग कोपऱ्यात लोळावयास वाळू पसरली आणि मिशीवर ताव देऊन आत डोकावले, तो किल्लेदार पाठ फिरवोन बसले.

दुनियेत वेढा घालणार रसद तोडितो. येथे वेढा घालणारानेच रसद पोचवावी आणि किल्लेदाराने तोंड लावू नये, ऐसी उफराटी मोहीम! मका पाठविला, नामंजूर. गहू भिजवोन पाठविला, तो तुडविला. दुकानातून जिवंत अळ्या आणविल्या, त्या पाहोन बाईसाहेब स्टुलावर चढल्या आणि पक्षी ढिम्म.

दोन दिवस ऐसे गेले. मग पाखरांचे डॉक्टर आले, चोच पाहिली आणि हुकूम केला की, उद्या चार वाजेपर्यंत दाणा न टिपल्यास पक्षी आम्ही घेऊन जाऊ. मास्तर हवालदिल जाहले. दोन दिवसांत जीव जडला होता, हे खरे. शिलाई मशीन थांबवोन घडोघडी जाळीपाशी जात आणि "खा रे राजा, एवढा एक घास" म्हणत. दुसरे दिवशी सकाळी आठास आवेशात प्रतिज्ञा केली की, तो अन्न घेईतोवर आम्हांसही अन्न वर्ज्य. बाईसाहेबी फर्माविले, "बरं झालं, तेवढीच भांडी कमी."

अकरापर्यंत तेज टिकले. बारास सुईत दोरा जाईना. तीनास किल्ल्यात एक पाखरू उपाशी आणि मास्तरांचे पोटात कावळ्यांचा अख्खा थवा, ऐसी अवस्था जाहली. तेव्हा मास्तरांनी स्वयंपाकघरावर छापा घालोन पाव आणि उकडलेले अंडे हस्तगत केले, आणि बाईसाहेबांची नजर चुकवावयास दुसरी जागा नाही म्हणोन जाळीत शिरले, पाखराकडे पाठ करोन जमिनीवर बैसले आणि बकाबका खाऊ लागले.

तो कोपराशी टकटक. पक्षी सांडलेला बलक टिपीत होता. भाऊबंदांचे अंडे खातो याची त्यास खंत नव्हती; भाऊबंदकी इतिहासास नवी नाही. मास्तरांचे डोळ्यांस पाणी आले, आणि हलल्यास तो बिचकेल म्हणोन ते पुसताही येईना.

ऐशा समयी बाईसाहेब डॉक्टरांस घेऊन जाळीपाशी प्राप्त जाहल्या. मास्तरांचे गाल फुगलेले, मिशीस बलक. बाईसाहेबी विचारिले, "अहो, उपास होता ना?"

मास्तरांनी भरल्या तोंडाने, न हलता, डोळ्यांनीच टिपणारे पाखरू दाखविले. डॉक्टरांनी निवाडा दिला की, हा एकट्याने जेवणार नाही, तरी मास्तरांनी तीन वेळ जमिनीवर बसोन त्याजबरोबर खावे. येणेप्रमाणे पक्षी राहिला आणि मोहीम फत्ते जाहली. ती प्रतिज्ञेचे बळावर जाहली ऐसे लिहावे, ही मास्तरांची आज्ञा. अंड्याचा उल्लेख नसावा, ही दुसरी. मग बाईसाहेबांची आज्ञा आली, "सगळं लिहा." सबब सगळे लिहिले असे.